विलापाचा नेम

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस उमटला, की आम्हां ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू होतो. रविवार वगळून ४० दिवसांचा हा काळ. कोणी मांस वर्ज्य करतो, कोणी दानधर्म करतो. मी गेली काही वर्षे विलापाचा नेम धरला आहे.

विलाप म्हणजे नुसते रडगाणे नव्हे. बायबलातील १५० स्तोत्रांपैकी कितीतरी देवापुढे मांडलेली गाऱ्हाणीच आहेत. इ. स. पू. ५८६च्या सुमारास यरुशलेम उद्ध्वस्त झाले, त्या दुःखाला ‘विलापगीत’ या ग्रंथाने वाचा फोडली. त्याच्या ५ अध्यायांपैकी पहिले ४ हिब्रू लिपीच्या २२ अक्षरांच्या क्रमाने रचलेले आहेत. शोकालाही शिस्त असू शकते, ती अशी.

माझा धाकटा भाऊ गेला, तेव्हा भेटीला येणारा प्रत्येकजण ‘देवाची इच्छा’ म्हणे आणि माझे शब्द घशातच राहत. पुढे ८८वे स्तोत्र वाचनात आले. ते अंधारातच संपते, तरी ती प्रार्थनाच आहे! ज्याच्यावर भरवसा नाही, त्याच्याकडे गाऱ्हाणे कोण नेईल?

आता मी रोज रात्री एक स्तोत्र वाचतो, दुःख नाव घेऊन सांगतो, मागणे मागतो आणि स्तब्ध बसतो. शेजाऱ्याचे दुःखही त्यात मिळवतो.

ईस्टर आपल्या वेळी येईलच. तोवर आपल्या घरी कोणी शोकाकुल असेल, तर त्याचे डोळे पुसण्याची घाई करू नका. आधी त्याचे ऐकून घ्या.