गडग्यांच्या डोंगरातून

घाट मोटारीने चढावा, पायी चढावा की सायकलवर, याबद्दल मतभेद होऊ शकतील. पण घाटाशी खरी ओळख करून घ्यायची असेल तर सायकलसारखे वाहन नाही, असे माझे मत आहे. मोटारीतल्या माणसाला घाट म्हणजे फक्त वळणे. पायी चालणाऱ्याला चढ कळतो, पण उताराचे सुख कळत नाही. सायकलवाल्याला मात्र दोन्ही कळतात. आणि चढताना वेग इतका बेताचा असतो, की कडेचे प्रत्येक झाड, प्रत्येक दगड नमस्कार-चमत्कार करूनच मागे सरतो.

या मताची कसोटी पाहायला भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटाइतकी चांगली जागा सापडणे कठीण. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यापासून रात्रभराच्या बोटीच्या अंतरावर हे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ३,६४० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहानशा जिल्ह्याएवढे. त्याच्या वायव्य किनाऱ्याला बिलगून त्रामुंताना नावाची डोंगरांची रांग सुमारे नव्वद किलोमीटर गेली आहे. उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याचे नाव तेच या डोंगरांचे. सर्वांत उंच शिखर पुच मजोर. उंची १,४४० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईहून उणेच. पण कळसूबाईच्या पायथ्याशी समुद्र नाही. इथे डोंगर थेट निळ्या पाण्यातून उठतात.

एप्रिल महिन्यात माझ्या भाच्याबरोबर मी या डोंगरांतून पाच दिवस हिंडलो. भाचा जर्मनीत नोकरीला असतो आणि सायकल हे त्याचे व्यसन आहे. माझा सायकलचा अभ्यास पुण्यात तासाच्या भाड्याने सायकली मिळत त्या काळातला. त्यानंतर पंचवीस वर्षे घर ते कॉलेज. पाल्मा शहरात भाड्याच्या दोन सायकली घेतल्या. त्यांचे गिअर इतके हलके, की भिंतही चढेल असे वाटावे. युरोपातले शर्यतवीर हिवाळ्या-वसंतात इथे सरावाला येतात. त्यामुळे रंगीबेरंगी कपड्यांतले थवे सुसाट बाजूने जात आणि मी आपला कडेकडेने. उन्हाळ्यात मात्र इथे सायकलवर येऊ नये. दगड तव्यासारखे तापतात.

मुख्य वाट आंद्राचपासून पोयेन्सापर्यंत, डोंगराच्या कण्यावरून जाते. अंतर सुमारे एकशेदहा किलोमीटर. पट्टीचे सायकलवाले ते एका दिवसात कापतात. आम्ही पाच दिवस लावले, आणि तेही कमीच पडले.

पहिल्याच दिवशी बान्यालबुफारजवळ डोंगराला घातलेल्या ताली पाहिल्या आणि मी सायकलवरून उतरलो. समुद्रापासून वरपर्यंत पायऱ्या-पायऱ्यांची शेती. प्रत्येक पायरीला दगडाची भिंत. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. म्हणजे आपल्या कोकणातला गडगाच! फरक एवढाच, की आपला गडगा आवाराची हद्द राखतो आणि इथला गडगा माती राखतो. शरद ऋतूत इथे पाऊस कोसळतो तेव्हा ही भिंत पाणी अडवीत नाही. फटींतून ते झिरपू देते आणि माती मात्र धरून ठेवते. सिमेंटने सांधलेली असती तर पाण्याच्या दाबाने कधीच फुगून कोसळली असती.

इसवी सन ९०२ मध्ये अरबांनी बेट घेतले. त्यांनी पाट खोदले, पाणी वाटून घेण्याची रीत घातली. १२२९ मध्ये आरागॉनच्या जाउमे राजाने बेट जिंकले. राज्य गेले, धर्म गेला, पण पाट राहिले आणि गावांची नावेही राहिली. बिनियाराइच, बिनिबास्सी अशा नावांतला ‘बिनी’ म्हणजे अमक्या-तमक्याचे वंशज. भाषा शिकवणाऱ्याला याची मोठी गंमत वाटते. माणसे परागंदा होतात, पण त्यांची कुळे जमिनीच्या नावात ठाण मांडून बसतात.

वायदेमोसा गावात जुना मठ आहे. १८३८-३९ चा हिवाळा संगीतकार शोपँ आणि लेखिका जॉर्ज सँड यांनी तिथे काढला. शोपँला क्षयाची भावना, वर पावसाळी हवा. सँडबाईंनी पुढे या हिवाळ्यावर पुस्तक लिहिले आणि बेटावरच्या लोकांना त्यात यथेच्छ झोडपले. तेच पुस्तक आज गावात प्रवाशांना विकले जाते! पुढे देया गावी इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज १९२९ मध्ये येऊन राहिला. मधला यादवी युद्धाचा आणि दुसऱ्या महायुद्धाचा काळ सोडला तर जन्मभर इथलाच झाला. त्याने सँडबाईंच्या त्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले आणि टीपा देऊन बेटाची बाजूही मांडली. १९८५ मध्ये तो वारला. टेकडीवरच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. ओल्या सिमेंटवर नाव, तारखा आणि ‘कवी’ एवढा एक शब्द. साहित्य शिकवता शिकवता केस पांढरे झालेल्या मला त्या एका शब्दापुढे बराच वेळ उभे राहावेसे वाटले.

सोयेर हे संत्र्यांचे गाव. पाल्मा आणि सोयेर यांच्यामध्ये डोंगर, म्हणून पूर्वी गावाचा व्यवहार पाल्मापेक्षा समुद्रापलीकडच्या फ्रान्सशी अधिक. एकोणिसाव्या शतकात बागांवर रोग पडला तेव्हा कित्येक घरे फ्रान्सला गेली. १९१२ मध्ये आगगाडी आली, १९९७ मध्ये मोटारींसाठी बोगदा झाला. बोगद्यात सायकलींना मज्जाव आहे, आणि त्यामुळे डोंगरावरचा जुना वळणावळणांचा रस्ता जणू सायकलवाल्यांनाच आंदण मिळाला आहे.

सोयेरच्या वरच्या चढाला एक गृहस्थ कोसळलेली भिंत पुन्हा रचत होते. साठीचे असावेत. हातात हातोडा, समोर दगडांचा ढीग. भाच्याला स्पॅनिश येते. तो दुभाष्या झाला. दगड उचलायचा, फिरवून त्याचे तोंड पाहायचे, दोन टोले मारायचे आणि बसवायचा. या कारागिरांना इकडे ‘मार्जेर’ म्हणतात. त्रामुंतानाला २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतले, आणि २०१८ मध्ये अशा कोरड्या दगडी बांधकामाच्या कलेलाही मान दिला. मी विचारले, “ही भिंत किती वर्षं टिकेल?”

ते म्हणाले, “मागची माती कुणी कसत असेल तोवर.”

पुढे चार किलोमीटर भाचा बोलला नाही. मग एकदम म्हणाला, “मामा, आपल्या राजापूरच्या बागेचे गडगे कोण लावतं हो आता?”

“कुणीच नाही,” मी म्हणालो. “घराला कुलूप आहे. तुझी आई आणि मी, दोघंही विकायचं म्हणतो आहोत.”

तो काहीच बोलला नाही. चढावर बोलायला दमही नव्हता.

चौथ्या दिवशी सा कालोब्रा. खिंडीतून समुद्राकडे उतरणारा हा साडेनऊ किलोमीटरचा रस्ता अंतोनियो पारिएत्ती या एंजिनिअराने आखला. १९३२ साली तो पुरा झाला. एके ठिकाणी रस्ता गळ्यातल्या टायच्या गाठीसारखा स्वतःच्याच पोटाखालून जातो. इतर घाटांत आधी कष्ट, मग सुख. इथे आधी सुख; मग तेच साडेनऊ किलोमीटर आणि सुमारे ६७० मीटरची उंची परत चढायची. दुसरा रस्ताच नाही. खाली धक्क्यावरून सोयेर बंदराला नाव जाते. भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही नावेनं या. मी वर जाऊन येतो.”

मला राग आला नाही. पण नावेतही बसलो नाही. पावावर टोमॅटो चोळून वर ऑलिव्हचे तेल घातलेले इथले साधे खाणे खाल्ले, आपल्याकडच्या तेल-भाकरीचेच हे भावंड, आणि सर्वांत हलक्या गिअरवर निघालो. भाचा पुढे जाऊ शकत होता. तो गेला नाही. दीड तास आम्ही शेजारी शेजारी चढलो. त्या दीड तासात बागेची गोष्ट निघाली. विहिरीला पाणी आहे का, कलमं किती उरली, कसायला गावात कुणी आहे का, असे तो तुकड्या-तुकड्यांनी विचारीत होता आणि मी धापा टाकीत सांगत होतो. समोरासमोर बसून हे बोलणे आम्हांला कधी जमले नसते.

मायोर्कातही सारे आलबेल नाही. प्रवाशांच्या लोंढ्याने घरभाडी भडकली, म्हणून २०२४ साली पाल्माच्या रस्त्यांवर हजारो रहिवाशांनी मोर्चे काढले. ज्यांच्या पूर्वजांनी ताली रचल्या त्यांच्याच पोरांना गावात राहणे परवडत नाही. आम्हीही त्या लोंढ्यातलेच दोघे, हे विसरून चालणार नाही. निदान सायकलवाला धूर सोडत नाही आणि गावच्या दुकानात पाव विकत घेतो, एवढेच आपल्या बाजूने म्हणता येईल.

ल्यूकच्या मठावरून पोयेन्साचा लांब उतार लागला. ओकची राई, मग ऑलिव्ह, मग बदाम. कितीतरी ताली ढासळलेल्या, त्यांवर झुडपे माजलेली. आणि मध्येच एखादी नव्याने रचलेली, दगड अजून उजळ. भाचा पुढे होता. तशा भिंतीपाशी तो दर वेळी वेग कमी करी.

परतल्यावर बहिणीला मी एवढेच सांगितले, की गिऱ्हाइकाला दिवाळीपर्यंत थांबायला सांगू. भाचा येतो आहे. निर्णय त्याच्या देखत घेऊ.