पानाला विचारून

चुनखडीच्या रानात भुईमूग केला की केवडा, म्हणजे लोहाअभावी येणारा पिवळेपणा, ठरलेलाच. अशा जमिनीत लोह नसतं असं नाही. पण सामू आठाच्या आसपास गेला की ते मुळांना उचलता येत नाही. त्यात झड लागून वाफसा येईना झाला की शेंड्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नुसता हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत टाकावा, तर चुनखडी तोही अडकवून ठेवते. मग वाट उरते पानाची.

१० लिटर पाण्याला १० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, मग ५० ग्रॅम हिराकस. हिराकस फिकट हिरवाच हवा. तांबूस पडलेला असेल तर दुकानातच ठेवावा. द्रावण कालवलं की लगेच मारायचं, शिळं ठेवायचं नाही. वेळ उन्हं कलल्यावरची. थेंब ओला आहे तोवरच पान त्यातलं काही घेतं. भर उन्हात तो सुकतो, वर क्षार उरतो आणि कडा करपतात.

पण पंप पाठीवर घेण्याआधी मी बांधाकडच्या ओळीतली काही पिवळी पानं अर्धीच त्या पाण्यात बुडवतो. युक्ती जुनी आहे. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये यूसेब ग्री यांनी पिवळ्या पानांना लोहाच्या क्षाराचं पाणी लावलं आणि पानं हिरवी होताना पाहिली. माझ्या पानाचाही बुडवलेला भाग काही दिवसांत हिरवा धरू लागला, तर दुखणं लोहाचंच. नाही धरला, तर रोग वेगळा आणि फवारणीचा खर्च वाचला.

ही परीक्षा जमते, कारण पानात शिरलेलं लोह फारसं हलत नाही. फवारणीची मर्यादाही तिथेच आहे: नवं पान पुन्हा पिवळंच फुटतं, पुन्हा पंप भरावा लागतो. शिवाय पानाची भूक ग्रॅमात भागते. नत्र-पालाश किलोंनी लागतं, ते मुळांनीच उचलायचं. वाढीच्या दर टप्प्याला नवी बाटली पुढे करणाऱ्या दुकानदाराला हा हिशेब सोयीचा नसतो.

फवारणी हंगाम सावरते, जमीन सुधारत नाही. त्यासाठी पाण्याचा निचरा हवा, रुंद वाफे हवेत, शेणखत हवं. माझ्या वहीत हिराकसाचा खर्च मांडला की त्याखालची ओळ पुढच्या हंगामाच्या शेणखताची असते, आणि तिथला आकडा नेहमीच मोठा असतो.