ताळ्याची ओळ

न्यूयॉर्कच्या हेज फंडात मुलाखतीला गेलेल्या पोराच्या हातात बहुधा तीनच गोष्टी पडतात: एखाद्या कंपनीचा टेन-के, म्हणजे अमेरिकी नियामकाकडे भरलेला वार्षिक अहवाल, एक कोरी एक्सेल फाइल आणि तीन-चार तास. नफा-तोटा, ताळेबंद, कॅश फ्लो ही तिन्ही पत्रकं पुढच्या काही वर्षांसाठी मांडायची, एकमेकांत गुंतवायची आणि शेवटी शेअर घ्यावा की विकावा ते सांगायचं. ताळेबंदाच्या तळाशी ताळ्याची ओळ बसलेली असते. एकूण मालमत्तेतून देणी आणि भागधारकांचा निधी वजा केला की शून्य उरलं पाहिजे, एवढाच तिचा हट्ट.

बोलायला महा तुटक. चूक कुठे झाली ते सांगणार नाही, केवढ्याची झाली तेवढं सांगेल. 48 दाखवते आणि गप्प बसते. पण जुन्या हिशेबनिसांना तिची खोड माहीत होती. फरकाचे निम्मे करा आणि 24 कुठे दिसतात ते शोधा. तिथे चिन्ह उलटं लागलेलं सापडतं. बहुतेक वेळा गिऱ्हाइकांकडची उधारी वाढलेली असते, म्हणजे रोख कमी व्हायला हवी, आणि घाईत ती मिळवलेली असते. फरकाला नवाने भाग जात असेल तर 63 चे 36 टाइप झालेत का ते बघायचं.

तिचं व्याजाशी मात्र पटत नाही. व्याज कर्जावर ठरतं, कर्ज उरलेल्या रोखीवर आणि रोख पुन्हा व्याजावर. या चक्रात एक एरर शिरली की सगळं मॉडेल नासतं आणि मूळ आकडा सुधारला तरी ती हटत नाही. म्हणून काही जण चक्र तोडायला 0 आणि 1 चा स्विच ठेवतात. परीक्षेपुरतं विचाराल तर वर्षारंभीच्या कर्जावर व्याज काढून मोकळं व्हावं. उत्तरात फारसा फरक पडत नाही.

तिला लाच देणारेही निघतात. फरकाची रक्कम 'इतर देणी'त गुपचूप टाकली की बाई खूश. परीक्षक विक्रीवाढ 5 ची 6 टक्के करून बघतो आणि तिचं तोंड पुन्हा वाकडं होतं. शिवाय हाताने टाकलेले आकडे निळे आणि फॉर्म्युले काळे, हा या धंद्याचा रिवाज. काळ्या रंगातला साधा आकडा सेलवर क्लिक करताच उघडा पडतो.

तिची समज मात्र बेताचीच. विक्री दर साल 40 टक्क्यांनी वाढेल असं लिहा, तरी ती शून्यच दाखवेल. 2012 साली जेपी मॉर्गन बँकेला 6 अब्ज डॉलरहून जास्त खड्डा पडला, त्या प्रकरणात जोखीम मोजणाऱ्या एका एक्सेलमध्ये सरासरीऐवजी बेरजेने भागलं गेलं होतं आणि जोखीम कमी दिसत होती. तसल्या चुका तिच्या हद्दीबाहेरच्या.

म्हणून सराव करताना कंपनी साधी घ्यावी, दुकानं चालवणारी वगैरे. बँक नको, तिथे कर्ज हाच कच्चा माल. अहवाल एडगरवर, म्हणजे त्या नियामकाच्याच संकेतस्थळावर, फुकट मिळतात. पण सगळा वेळ या बाईच्या मिनतवाऱ्यांत घालवू नये, कारण फंडातला माणूस तिच्याकडे ओझरतं बघतो आणि विक्रीच्या ओळीवर बोट ठेवून विचारतो, "पुढच्या वर्षी 8 टक्के कशावरून?" मग टेन-केच धुंडाळलेला बरा: नवी दुकानं किती उघडली, जुन्यांचा धंदा किती वाढला, माल जास्त खपला की नुसते भाव चढवले.