कळै

तमिळमध्ये तणाला ‘कळै’ म्हणतात आणि चेहऱ्यावरच्या तेजालाही ‘कळै’च. मराठीत ‘निंदणे’ म्हणजे तण काढणे, आणि नावे ठेवणेही. दोन्ही भाषांनी एकेका शब्दात दोन अर्थ कोंबले, पण वेगवेगळे. त्यामुळे तमिळ कथेतल्या बायका कळै काढायला वाकल्या की माझा अनुवाद अडतो. बरे, मराठीत तरी एक शब्द कुठे आहे? आमच्या साताऱ्याकडे भांगलण, कोकणात बेणणी, विदर्भात निंदण. आपण कोणाच्या शेतात उभे आहोत ते आधी ठरवावे लागते.

माझे सासर ओरत्तनाडूजवळच्या एका खेड्यात. सरफोजीराजांनी मुक्तांबाच्या नावाने बांधलेले छत्र तिथून जवळच. घरात तंजावरी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. नोव्हेंबर २०१८ च्या गज चक्रीवादळात परसातले माड आडवे झाले. काही वर्षांनी त्या मोकळ्या जागेत दिरांनी कोरियन गवताची लॉन करून घेतली, आणि पुढच्याच ऐप्पसीच्या पावसात तिच्यात हरळी शिरली. हरळी जमिनीवरून धावते तशी खालूनही धावते. वरचे धागे तोडले तरी मातीत राहिलेला पेराएवढा तुकडा पुन्हा फुटतो. शिवाय गवतात गवत शिरले की औषध मारायची पंचाईत. ग्लायफोसेट फवारले तर पाहुण्याबरोबर यजमानही जातो. उरतो हात. माती ओली असताना खुरप्याने सैल करून मुळी अख्खी ओढायची, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

हे काम करायला गावातल्या एक अक्का येतात. त्यांना मी एकदा विचारले, “अक्का, याला कळै म्हणायचे की अरुगम्पुल्?”

“शेतात कळै, पिळ्ळैयारपुढे अरुगम्पुल्,” त्या म्हणाल्या. “माझ्या शेळीपुढे काहीच नाही अम्मा, नुसते जेवण.”

मराठीने तरी दुसरे काय केले आहे? खणून बांधावर टाकतो ती हरळी, निवडून एकवीसची जुडी बांधतो ती दूर्वा. शेळीचा शब्द मात्र आपल्याकडेही नाही.

अक्कांची खरी विद्या लॉनमध्ये दिसत नाही, ती भातात. कुदिरैवाली नावाचे धान्य हल्ली शहरात आरोग्यासाठी विकत घेतात. त्याचे रानटी भावंड भाताच्या रोपात असे मिसळते की माझ्यासारखीला दोन्ही एकच वाटतात. पान खोडाला मिळते तिथे भाताला पातळ पापुद्रा असतो, या गवताला तो नसतो. वनस्पतिशास्त्रात त्याला लिग्यूल म्हणतात. अक्कांना नाव लागत नाही, त्यांचे बोट तिथे जाते आणि रोप एक तर राहते, नाही तर उपटले जाते.

मेट्टूर धरण १२ जूनला उघडायची प्रथा आहे. पाणी वेळेवर आले तर लावणी होते आणि शेतात पाणी उभे राहते. त्याखाली गवताचे बरेचसे बी गुदमरते. पाणी लांबले, किंवा लावणीला माणसे मिळाली नाहीत, की बी थेट कोरड्यात पेरतात. मग भात आणि गवत बरोबरच उगवतात. म्हणजे बायकांच्या बोटांची गरज तेव्हाच सर्वांत जास्त. पण तेव्हाच बिस्पायरिबॅक सोडियमची बाटली येते, आणि ओळीने बसलेल्या बायकांचे कित्येक दिवसांचे काम पाठीवर पंप घेतलेला एक माणूस उरकतो. मला यात कोणा शेतकऱ्याला बोल लावता येत नाही. हिशेब सरळ आहे, आणि पंप माझ्या सासरीही आहे.

अनुवादात मी अखेर ‘भांगलण’ लिहिले. त्या शब्दात बायकांची ओळ असते, भलरी असते, कोणीतरी पुढे गेलेली आणि कोणीतरी मागे राहिलेली असते.

या वर्षी सांबा हंगामात अक्कांना एकाही शेतातून बोलावणे आले नाही. त्या आमच्याकडे आल्या, सकाळभर हरळी काढली, आणि ढिगाला हात लावण्याआधी दिरांना विचारले, “इथे मरुंदु मारले नाही ना, अय्या?” नाही म्हटल्यावर त्यांनी तो सगळा ढीग जुन्या साडीत बांधून डोक्यावर घेतला.