भिंतीची ओल आणि अनामत

आज लोंढ्यातली खोली सोडली. सामान टेम्पोत चढलं, वीजबिल चुकतं केलं, किल्ल्या मालकांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी मागच्या भिंतीची ओल बोटाने दाखवली, "रंगाचे कापावे लागतील हो." घाटमाथ्यावरचा पाऊस कौलांतून झिरपला, त्यात भाडेकरूचा काय दोष? पण पैसे त्यांच्या खिशात, म्हणून न्यायही त्यांचाच. केंद्राच्या 2021च्या आदर्श भाडेकरू कायद्याने राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली. मात्र राज्याने स्वीकारल्याशिवाय तो निव्वळ नमुनाच. बंगळुरात तर दहा महिन्यांची अनामत मागायची जुनी रीत. शेवटी घासाघीस करून निम्म्यावर तडजोड झाली. तुम्ही मात्र घरात शिरतानाच भिंतींचे फोटो काढा आणि अनामत परतीची मुदत करारात लिहून घ्या.