पट्टा सोडा, कंबर कसा

कंबरदुखीचा पेशंट माझ्याकडे येतो तेव्हा त्याच्या हातात बहुतेक वेळा एक भलामोठा लिफाफा असतो. पेशंट सीवूड्सच्या टॉवरमधला असो की तुर्भ्याच्या मार्केटमधला, लिफाफा तोच. आत एमआरआयची फिल्म, दोन पानांचा रिपोर्ट आणि रिपोर्टातल्या एका ओळीखाली पेनाने ओढलेली रेघ: एल-फोर एल-फाइव्ह, डिस्क बल्ज. खुर्चीत टेकायच्या आधीच तो सांगून टाकतो, "मॅडम, माझी गादी सरकलीय." रिपोर्ट हातात पडला त्या दिवसापासून त्याने वाकणं सोडलेलं असतं, भाजीची पिशवी उचलणं सोडलेलं असतं, पूजेला खाली बसणंही सोडलेलं असतं. शर्टाखाली पट्टा आवळलेला असतो.

म्हणून आधी त्या लिफाफ्याबद्दल. दोन मणक्यांमधली गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते. ती सरकत नाही. ती फुगते, तिच्या कडेला चीर जाते, क्वचित आतला मऊ भाग बाहेर येऊन नसेवर दाब देतो. पण असं झालं म्हणजे दुखणारच, असं मात्र नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात पाठ-कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. त्यांच्यातल्या विशीतल्या ३० टक्के लोकांची गादी फुगलेली होती, पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांची आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांची. केस पांढरे व्हावेत तसाच हा बदल वयाबरोबर येतो. बाहेर आलेली गादीसुद्धा पुष्कळदा काही महिन्यांत आपली आपण आक्रसते.

काही लक्षणं मात्र अंगावर काढायची नाहीत. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, दोन मांड्यांमधली जागा बधिर होणं, पाऊल उचलता न येणं, दुखण्याबरोबर ताप येणं किंवा कारण नसताना वजन घटणं, पडल्या-आपटल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला असणं. यातलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचा. पहिली दोन लक्षणं दिसली तर त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच.

उरलेल्यांचं, म्हणजे बहुसंख्यांचं दुखणं वेगळं असतं. तीन महिन्यांहून अधिक काळ रेंगाळलेल्या दुखण्याला आम्ही जुनाट म्हणतो. एवढ्या काळात मूळची इजा बहुधा भरून आलेली असते, पण नसा आणि मेंदू हळवे झालेले असतात. पूर्वी जो ताण जाणवलाही नसता, तो आता दुखणं म्हणून कळतो. दुखेल या भीतीने माणूस कमी हलतो, कमी हलल्याने स्नायू दुबळे होतात, दुबळ्या स्नायूंना साधं कामही जड जातं आणि मग दुखतं. त्यात झोप बिघडली की दुखणं आणखी वाढतं. हे दुखणं खोटं नाही, मनाचे खेळ तर मुळीच नाहीत. घरच्यांनी "काही नाही तुला, उगाच करतोयस" म्हणणं जितकं क्रूर, तितकंच "तू काही उचलू नकोस, पडून राहा" म्हणणं घातक.

नवी मुंबईत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करण्याचा एक फायदा आहे. दोन टोकांच्या कंबरा एकाच दिवशी तपासायला मिळतात.

एक टोक ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कमधलं. वय तिशीचं. सकाळी गाडीत किंवा लोकलमध्ये, मग दिवसभर लॅपटॉपसमोर, परतीच्या वाटेवर मोबाइलमध्ये मान. अशा मुलाला मी टेबलावर पालथं झोपवते, कमरेपासून वरचं अंग टेबलाच्या कडेबाहेर घ्यायला सांगते, पाय धरून ठेवते आणि म्हणते, अंग जमिनीला समांतर धर. मिनिटभरात थरथर सुरू होते. ही चाचणी डेन्मार्कमधल्या बीअरिंग-सोरेन्सन यांच्या नावाने ओळखली जाते. १९८४ च्या त्यांच्या अभ्यासात, ज्या पुरुषांच्या पाठीचा दम कमी होता त्यांना पुढच्या वर्षभरात कंबरदुखी सुरू होण्याचा संभव अधिक दिसला होता. जिममध्ये जाऊन छाती-दंड कमावलेली मुलंही इथे ढेपाळतात.

दुसरं टोक तुर्भ्याच्या एपीएमसीतलं. मशीद बंदर, भायखळ्याचे घाऊक बाजार इकडे हलले तेव्हा त्यांच्यामागे माथाडी कामगारही आले, त्यातले कितीतरी सातारा-पाटणकडचे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्याने मजुरीला आणि हक्कांना संरक्षण मिळालं, पण पाठीवरचं ओझं काही उतरलं नाही. हा माणूस माझ्यासमोर टाचा टेकवून सहज उकिडवा बसतो, जे आयटीतल्या मुलाला जमत नाही. त्याच्या मांड्या आणि पोटऱ्या दगडासारख्या. मात्र दोन्ही हात डोक्यावर सरळ ताणायला सांगितले तर ते कानापर्यंत पोहोचत नाहीत. मानेच्या मुळाशी कातडी जाड झालेली असते आणि मान एका बाजूला कमी वळते. वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर गोण, एकाच बाजूने वळून ती टाकायची. त्याला बळ कमी नाही. त्याच त्या हालचालीपासून त्याच्या शरीराची सुटका नाही, हे त्याचं दुखणं.

पहिल्याला व्यायाम वजन उचलण्याचा द्यावा लागतो, दुसऱ्याला ताणण्याचा आणि मोकळं होण्याचा. दोघांना एकच छापील कागद देऊन पाठवणं हा आमच्या व्यवसायातला आळस आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बसण्या-उभं राहण्याच्या ढबीविषयी. "ताठ बस" हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसाच्या कमरेच्या गादीत सुईवाटे दाब मोजला आणि उभं राहण्यापेक्षा बसताना तो जास्त असतो असं सांगितलं. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या गादीत दाबमापक बसवून रोजच्या हालचाली मोजल्या, तेव्हा मागे रेलून सैल बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षाही कमी भरला. तेव्हा पोक काढून दहा मिनिटं बसलात म्हणून मणका मोडत नाही, आणि लष्करी शिस्तीत ताठ बसूनही कुणाचं दुखणं टळत नाही. शरीराला बाधतं ते तासन्‌तास एकाच ढबीत राहणं. अर्ध्या तासाने उठा, पाण्याची बाटली मुद्दाम लांब ठेवा, फोन उभ्याने घ्या. लॅपटॉपखाली चार जाडजूड पुस्तकं ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि कीबोर्ड वेगळा जोडा. एवढ्याने मानेचं पुष्कळ काम हलकं होतं.

विल्के यांच्याच मोजणीतला दुसरा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पाठ गोल करून २० किलो उचलताना दाब उभं राहण्याच्या साडेचारपटींवर गेला. गुडघे वाकवून तेच वजन उचललं तेव्हा तो साडेतीनपटींच्या आसपास राहिला. वजन अंगाजवळ धरलं तर दोनपटींहून थोडा जास्त, आणि हात लांब करून धरलं तर पुन्हा साडेतीनपटींच्या वर. बादली, बाळ, गॅसचा सिलिंडर, जे काही उचलायचं ते पोटाशी धरून उचलायचं, हे यावरून कळावं.

आणखी एक गोष्ट. रात्री झोपेत गाद्या पाणी शोषून टम्म होतात, सकाळी आपण उंचीलाही थोडे जास्त भरतो. त्या वेळी खोल वाकलं तर गादीवरचा ताण वाढतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत वाकणं टाळल्यावर जुनाट कंबरदुखी कमी झालेली आढळली. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. बायका उठल्याबरोबर केर-फरशीला लागतात. मार्केटमध्ये तर उजाडायच्या आधी गाड्या लागतात आणि माणूस झोपेतून उठून थेट गोणीखाली जातो. माझ्या माथाडी पेशंटना मी एवढंच सांगते: पहिली गोण उचलण्याआधी पंधरा-वीस मिनिटं चाला, कमरेवर हात ठेवून आठ-दहा वेळा मागे झुका आणि शक्य तेव्हा खांदा बदला. गोण ५० किलोच्या वर नको, हा माथाडींचा जुना आग्रह आहे. वैद्यकीय अंगाने पाहणारी कुणीही व्यक्ती त्यांच्याच बाजूने उभी राहील. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच एका प्रौढ पुरुषाने उचलायच्या वजनाची मर्यादा ५५ किलो सुचवली होती.

बायकांच्या कंबरदुखीचा निम्मा इतिहास स्वयंपाकाच्या ओट्याशी सापडतो. घर घेताना ओट्याचा ग्रॅनाइट पाहतात, उंची कुणी पाहत नाही. चिरणं-मळणं करायचा पृष्ठभाग कोपरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली असावा. ओटा तोडता येत नाही. पण उंच असेल तर पायाखाली रुंद, न डगमगणारा पाट घेता येतो, बुटका असेल तर पोळपाटाखाली जाड लाकडी फळी ठेवता येते. उभ्याने बराच वेळ काम असेल तेव्हा एक पाय छोट्या पाटावर ठेवा आणि मधूनमधून बदला. कमरेचा बाक कमी होतो, लगेच हलकं वाटतं. आणि दिवाळीची साफसफाई एका रविवारी उरकायचा अट्टहास सोडा. माळ्यावरचे डबे काढताना धरलेल्या पाठी मी दर वर्षी पाहते.

वाकायला शिकवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात आवडतं काम. त्याला एक काठी पुरते. केरसुणीचा दांडाही चालेल. काठी पाठीमागे उभी धरायची, एक हात मानेमागे, एक कमरेमागे. ती तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याचा मागचा भाग, खांद्याच्या फऱ्यांच्या मधली जागा आणि माकडहाड. आता गुडघे किंचित सैल सोडायचे आणि नितंब मागे न्यायचे, मागे दार आहे आणि ते ढकलून लावायचंय असं समजून. काठी कुठूनही सुटता कामा नये. पहिल्यांदा बहुतेकांची माकडहाडापासून सुटते, कारण ते खुब्यातून न वाकता कमरेतून वाकतात. आरशासमोर बाजूने उभं राहून सराव केला की शरीराला खूण पटते. जी बाई दोन वर्षं बादलीला हात लावत नव्हती, ती काही आठवड्यांत अर्धी भरलेली बादली उचलते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी मी या व्यवसायात आहे.

बाकीचे व्यायाम साधे आहेत. एक गुडघा टेकवून दुसरा पाय पुढे घेऊन खुब्याचा पुढचा भाग ताणायचा. दिवसभर बसणाऱ्यांचा तो आखडलेला असतो. गुडघे-तळहातांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, दहापर्यंत मोजायचं, मग बाजू बदलायची. उताणं झोपून नितंब उचलायचे. हात न टेकता खुर्चीतून उठायचं-बसायचं, आठ ते बारा वेळा. सोपं झालं की हातात पाण्याच्या बाटल्या, पुढे डंबेल. वजन वाढवत न्यायचं हे विसरू नका. नुसत्या ताणण्याने आराम पडतो, पण बळ येत नाही, आणि बळ आलं नाही तर दुखणं परत येतं. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते पूर्ववत व्हायला हवं. झालं नाही तर व्यायाम बंद न करता मात्रा कमी करायची. स्नायूंना खरं बळ यायला सहा ते आठ आठवडे लागतात. नेमकं तिसऱ्या आठवड्यात लोक कंटाळतात.

योगासनांचं काय, असं हमखास विचारलं जातं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घराघरांत नेले, पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, दोर, पट्टे आणि लाकडी ठोकळे वापरून आखडलेल्या शरीरालाही आसन साधेल अशी सोय केली. हा आपला मोठा ठेवा आहे, जरूर करा. फक्त तीव्र दुखत असताना पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला लावण्याची घाई नको.

आणि मशीन? "मॅडम, शेक आणि करंट तेवढा द्या" म्हणणारे रोज भेटतात. शेकाने बरं वाटतं, जरूर घ्यावा. पण जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायाम आणि दुखण्याविषयीची समज यांना जागा आहे. अल्ट्रासाउंड, करंट, ट्रॅक्शन आणि कमरेचा पट्टा नेहमीच्या उपचारात नकोत, असं त्यांत म्हटलंय. फ्रॅक्चर किंवा ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलेला पट्टा वेगळा, तो त्यांना विचारल्याशिवाय काढायचा नाही.

तुमचं दुखणं तीन महिन्यांहून जुनं असेल आणि वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील, तर आणखी वाट पाहू नका. एखाद्या फिजिओथेरपिस्टकडे जा, मशीनवर पडून राहायला नव्हे, तर व्यायाम शिकायला. आठवड्यातले तीन दिवस ठरवा आणि ते किमान तीन महिने पाळा. एमआरआयचा लिफाफा कपाटात नीट ठेवून द्या, पण तुमच्या कमरेला काय झेपतं हे त्याला विचारू नका.