दुपारचा वास

मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी हसलेच. पहिली ते दहावी कॉन्व्हेंट! वर्गात मराठी बोललं की पाच रुपये दंड. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. पण जे सांगायचंय ते इंग्लिशमध्ये सांगताच येत नाही, कारण त्यात कांद्याची चाळ आहे आणि आमचे आबा आहेत.

मी पारनेरची. सेनापती बापटांचं जन्मगाव म्हटलं की सर लोकांना लगेच कळतं, हॉस्टेलच्या मैत्रिणींना मात्र 'राळेगणसिद्धी आमच्याच तालुक्यात' असं सांगावं लागतं. पाऊस कमी, जमीन मुरमाड, भरवसा कांद्यावर. ज्यांनी चाळ पाहिलेली नाही त्यांच्यासाठी (म्हणजे मुंबईकरांनो, तुमच्यासाठी): ही राहायची चाळ नव्हे. जमिनीपासून फूट-दोन फूट उचललेला लांबलचक पिंजरा, बाजूंना लाकडी पट्ट्या, वर पत्रे. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये त्यात भरायचा आणि भाव येईपर्यंत सांभाळायचा. कधी पोळ्यापर्यंत, कधी दिवाळीपर्यंत. एक कांदा सडला की शेजारच्यालाही घेऊन जातो. ढिगाच्या पोटात काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही, हात घालता येत नाही. मग कळणार कशानं? नाकानं.

आमच्याकडे हे खातं आबांचं. चाळीच्या कडेकडेनं चालत जायचे, मध्येच थांबून म्हणायचे, "हितं." तिथल्या पट्ट्या काढल्या की चार-पाच काळे पडलेले, पाणी सुटलेले कांदे निघायचेच. खरं सांगू? मला तेव्हा याचं कौतुक वगैरे काही नव्हतं. तुझ्या युनिफॉर्मला कांद्याचा वास येतो असं वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, तेव्हापासून मी चाळीच्या बाजूला फिरकतच नव्हते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आबांना करोना झाला. नगरच्या दवाखान्यातून ते परत आले, पण वास गेला तो गेलाच. पिठलं काय नि पेढा काय, "मातीच लागतीय" म्हणायचे. माझी दहावीची परीक्षा रद्द झालेली, घरात लोळत होते. आबा खाटेवरूनच म्हणाले, "पोरी, चाळीला रोज चक्कर मार. वास आला की सांग."

मी शहाणी! ऊन लागायला नको म्हणून रोज सकाळी सातला जायची. गार हवा, छान वाटायचं. दोन मिनिटांत परत. "सगळं ओके आहे, आबा." जूनच्या शेवटी वाऱ्यासकट पाऊस झाला, एका बाजूनं पाणी आत गेलं. पुढचा आठवडा कडक ऊन. मी सकाळी सात, सगळं ओके. मग एक दिवस दुपारी अडीचला मोबाईलची रेंज शोधत चाळीमागे गेले आणि ओकारीच आली.

वडिलांनी आणि काकांनी चाळ फोडली. जवळजवळ तिसरा हिस्सा उकिरड्यावर गेला. त्या वर्षी सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करावं लागलं. मला कोणी एका शब्दानं बोललं नाही, त्याचंच जास्त लागलं. आबांनी फक्त विचारलं, "कवा जात होतीस?"

"सकाळी."

"सकाळी कसला वास यील? ऊन तापल्यावर जायचं असतं. आन् वरच्या अंगाला नाक लावायचं." मग थोड्या वेळानं, "सांगायला मीच इसरलो."

यातलं इंजिनिअरिंग मला सेकंड इयरला थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला कळलं. सर फळ्यावर बाष्पदाबाचा आलेख काढत होते आणि मला डोळ्यासमोर चाळ. वास म्हणजे वस्तूतून सुटून हवेत आलेले रेणू. ते सुटलेच नाहीत तर नाक बिचारं काय करणार? पाण्याचंच बघा. २० अंशांना बाष्पदाब साडेसतरा मिलिमीटर, ४० अंशांना पंचावन्न. पारा दुप्पट, वाफ तिप्पट. सडक्या कांद्यातल्या गंधकाच्या संयुगांचे आकडे वेगळे, पण चाल तीच. शिवाय तापलेली हवा खालून वर चढते, म्हणून आबांचं ते 'वरचं अंग'.

नाकाचा स्वतःचा दोष यात कमीच. आत घेतलेली गार हवा नाक वाटेतच गरम आणि दमट करतं, नाकाच्या छताशी असलेल्या गंधपेशींपर्यंत. तिथे माणसाकडे जवळपास चारशे प्रकारचे ग्राहक असतात. ते शोधणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ चं नोबेल मिळालं. म्हणजे मेसची गार डाळ बिनवासाची लागते ती तिच्या गारपणामुळे. (गरम असतानाही लागत असेल तर तो विषय मेस कमिटीचा.) आणि मे महिन्यात दोनशे चार नंबरच्या खोलीतले मोजे मजलाभर का कळतात, त्याचंही उत्तर यातच आहे. रातराणीला मात्र हा नियम कोणी शिकवलेला दिसत नाही. ती आपली वास सोडते रात्रीच, तिचं घड्याळ निराळं.

आबांचं काय झालं तेही नंतर वाचलं. करोनाचा विषाणू गंधपेशींपेक्षा त्यांना सांभाळणाऱ्या शेजारच्या पेशींवर जास्त हल्ला करतो. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत येतो. काहींचा वर्षानुवर्षं येत नाही, किंवा येतो तो भलताच होऊन.

आता चाळीचं खातं माझ्या धाकट्या भावाकडे आहे. तो दुपारी दोनला जातो. आबा त्याला खाटेवरून हाक मारून वेळ विचारतात, आणि मी इथून फोन करून विचारते. तो दोघांवरही वैतागतो.

गेल्या दिवाळीत घरी होते. आबा हल्ली चहा अगदी उकळता मागतात. गार झाला की त्यात काहीच कळत नाही, वाफ असेपर्यंत काहीतरी कळतं म्हणतात. ग्लास धोतराच्या सोग्यात धरून नाकाशी नेतात, किती तरी वेळ पीतच नाहीत. त्या दिवशी एकदम म्हणाले, "आज आलं घातलंय का गं?"

आई माझ्याकडे बघायला लागली.

"नाही आबा," मी म्हटलं, "वेलदोडा आहे."

"असू दे," ते म्हणाले, आणि ग्लास पुन्हा नाकाशी धरला.